सरकारकडे असलेला आपला डेटा: आदिवासी समाजाने करार कसा करावा, पायरीपायरीने

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाचा छोटा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० पासून ॲरिझोनातल्या सरकारी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांशी बोलणं झालं ते मधुमेहाबद्दल. सहीच्या कागदावर मात्र अभ्यासाचा विषय होता 'वर्तणुकीच्या/वैद्यकीय विकारांची कारणे'. २००३ मध्ये त्याच विद्यापीठात एका पीएच.डी. प्रबंधाचं जाहीर सादरीकरण सुरू होतं आणि या समाजातली एक बाई श्रोत्यांत बसली होती. चर्चा आपल्याच लोकांच्या रक्ताची चालली आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने उठून विचारलं, याला परवानगी घेतली होती का? मग एकेक गोष्ट बाहेर आली. तेच नमुने स्किझोफ्रेनियासाठी, नात्यातल्या लग्नांच्या अभ्यासासाठी आणि पूर्वज कुठून आले हे शोधण्यासाठीही वापरले गेले होते. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

या सगळ्यात माझी नजर अडकते ती सहीच्या कागदावरच्या त्या तिरक्या दांडीवर. दोन शब्दांमध्ये एक दांडी टाकली आणि मधुमेहाच्या परवानगीत काहीही बसू लागलं.

डेटा देताना किंवा घेताना सहसा भांडण होत नाही, चहापाणी होतं, फोटो निघतात. भांडण होतं तो दुसऱ्यांदा वापरला जातो तेव्हा. म्हणून या लेखातल्या बहुतेक पायऱ्या त्या दुसऱ्या वापरावर डोळा ठेवून लिहिल्या आहेत. लेख टेबलाच्या समाजाकडच्या बाजूला बसणाऱ्यांसाठी आहे. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी वाचला तर उत्तमच, त्यांचेही पुढचे हेलपाटे वाचतील.

शब्दाबद्दल एक खुलासा. इंग्रजीतल्या 'इंडिजिनस' शब्दासाठी मी 'आदिवासी' वापरतो आहे. 'मूलनिवासी'ला मराठीत वेगळं राजकीय वजन आलं आहे. 'डेटा सार्वभौमत्व' हा शब्द जड आहे, पण अर्थ साधा: आपल्या माणसांबद्दल, जमिनीबद्दल, भाषेबद्दल आणि ज्ञानाबद्दल जे नोंदलं जातं, त्याचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार समाजाचा.

टेबलावर जाण्याआधी हातात असाव्यात अशा गोष्टी

'असं कुठे असतं का?' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो. त्याचं उत्तर तयार ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. विरोधात होते कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका. पुढे चौघांनीही भूमिका बदलून त्याला पाठिंबा दिला. जाहीरनाम्यात डेटावर वेगळं कलम नाही. पण आपल्याविषयीच्या निर्णयांत सहभागाचा हक्क कलम १८ मध्ये आहे आणि पारंपरिक ज्ञानावरचा हक्क कलम ३१ मध्ये. डेटावरचा दावा याच पायावर उभा राहतो.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजांच्या एका मोठ्या गटाने, १९९८ मध्येच आपलं सूत्र मांडलं होतं. ते 'ओकॅप' या नावाने ओळखलं जातं: मालकी, नियंत्रण, बघण्याची मुभा आणि प्रत्यक्ष ताबा. २०१९ मध्ये ग्लोबल इंडिजिनस डेटा अलायन्सने 'केअर' तत्त्वं दिली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती. ऑस्ट्रेलियात आदिवासी आणि इतरांमधली दरी कमी करण्यासाठी झालेल्या २०२० च्या 'क्लोजिंग द गॅप' राष्ट्रीय करारातली चौथी मुख्य सुधारणा डेटा वाटून घेण्याबद्दलच आहे. आणि २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आदिवासी डेटाच्या कारभाराची चौकट आपल्या खात्यांसाठी प्रसिद्ध केली. एवढं सांगितलं की बैठक पुढे सरकते. तत्त्वांवर तासभर घालवू नका, ती पोस्टरवर छान दिसतात. कागदावर कलम लागतं.

पायरी १: कोण बोलणार ते आधी घरात ठरवा

सरकारी खात्याला बोलायला एकच माणूस हवा असतो, आणि तुम्ही तो दिला नाही तर ते स्वतः निवडतात. बहुधा सोयीचा. त्यामुळे पहिलं काम म्हणजे समाजाच्या निर्णय घेणाऱ्या मंडळाचा लेखी ठराव. डेटा समिती कोणती, तिची मुदत किती, ती काय मंजूर करू शकते आणि कशासाठी पुन्हा सगळ्यांसमोर यायचं, हे त्यात हवं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात फर्स्ट नेशन्सच्या प्रमुखांची संघटना आणि आरोग्याचा डेटा सांभाळणारी आयसीईएस ही संस्था यांनी २०१२ मध्ये असाच करार केला. प्रांतातल्या आरोग्याच्या नोंदींतून फर्स्ट नेशन्सबद्दल काही काढायचं असेल तर आधी समाजाच्या बाजूकडे जावं लागतं.

वैयक्तिक संमती आणि सामूहिक संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लागतात. एका माणसाने सही केली म्हणून त्याच्या कुळाची वंशावळ उघडी करता येत नाही. उलट बाजूने, समितीने मंजुरी दिली म्हणून एखाद्या बाईच्या आजारपणाची नोंद तिला न विचारता देता येत नाही. समाजातही सत्ता असते. शहरात गेलेले, लहान कुळांचे, नवऱ्याकडून त्रास झालेल्या बायका, यांना समितीचीच भीती वाटू शकते. माझं मत असं की कुटुंबातली हिंसा आणि मानसिक आजार या विषयांची नावानिशी माहिती समितीच्या माणसांनीही पाहू नये. हे स्वतःहून ठरावात घाला, समोरच्याने शिकवण्याची वाट पाहू नका.

पायरी २: फाइल मागण्याआधी यादी आणि कोडबुक मागा

'आमच्याबद्दलचा सगळा डेटा द्या' असं पत्र गेलं की उत्तर येतं, 'कृपया मागणी स्पष्ट करावी'. आधी एवढंच विचारा: कोणकोणत्या नोंदवह्यांमध्ये आमची माणसं, आमची जमीन, आमची गाणी, छायाचित्रं आणि औषधी वनस्पती आहेत? प्रत्येक नोंदवहीचं कोडबुक, म्हणजे रकान्यांची यादी आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ, हातात घ्या. यात कुणाचीही खासगी माहिती नसते, त्यामुळे नकार द्यायला कारणही नसतं.

मग एकाच रकान्यावर बोट ठेवा: आदिवासी कोण, हे कुणी भरलं? अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर वंशाचा रकाना अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक भरतो. नातेवाइकांना विचारून भरणं अपेक्षित आहे, पण नुसतं तोंड पाहूनही भरलं जातं. त्यामुळे जन्मभर आदिवासी म्हणून जगलेला माणूस मरताना कागदावर गोरा होतो, आणि समाजाचा मृत्युदर खऱ्याहून कमी दिसतो. कमी मृत्युदर दिसला की निधीही कमी.

उपाय काय? नोंदणीकृत सदस्यांची यादी आरोग्याच्या नोंदींशी जोडणं. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० च्या त्रिपक्षीय करारातून 'फर्स्ट नेशन्स क्लायंट फाइल' अशीच उभी राहिली. पण जोडणी हे दुधारी हत्यार आहे. आरोग्याशी जोडलेली यादी उद्या तुरुंगाच्या किंवा बालकल्याण खात्याच्या नोंदींशीही जोडता येते. त्यामुळे यादी कुणाच्या संगणकावर राहते आणि जोडणी झाल्यावर नावं कधी काढली जातात, हे दोन प्रश्न याच पायरीवर सोडवा. ज्यांची नावं नोंदणीत नाहीत ते या पद्धतीत पुन्हा गळतात, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ३: प्रश्न आपला असू द्या

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या समाजशास्त्रज्ञ मॅगी वॉल्टर या स्वतः पालावा समाजातल्या. आदिवासींबद्दलचा सरकारी डेटा बहुतेक पाच गोष्टीच मोजतो, असं त्या म्हणतात: तफावत, वंचना, गैरसोय, बिघाड आणि वेगळेपणा. इंग्रजीत पाचही शब्द 'डी'ने सुरू होतात. शाळा सोडणारी मुलं मोजली जातात, आजीकडून भाषा शिकणारी मुलं मोजली जात नाहीत.

तुम्हाला या डेटातून कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे एका वाक्यात लिहा. 'पुढच्या तीन वर्षांत दवाखान्याची गाडी कोणत्या वस्त्यांवर न्यायची?' हा प्रश्न झाला. 'आरोग्याची स्थिती समजून घेणे' हा प्रश्न नाही, तो निबंधाचा विषय आहे. नेमका प्रश्न असला की मागणी लहान होते. आणि लहान मागणी नाकारणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

पायरी ४: करार

इथे घाई करू नका. खात्याचा छापील मसुदा समोर येईल. त्यात बहुधा तुम्ही 'डेटा प्राप्तकर्ता' असता आणि सगळी बंधनं तुमच्यावर असतात. त्यावर दुरुस्त्या करत बसण्याऐवजी आपला मसुदा टेबलावर ठेवा. तो साधा असला तरी चालेल. चर्चा ज्याच्या मसुद्यावर होते, त्याच्या भाषेत होते.

हेतूचं कलम असं लिहा की त्यात दांडी शिरायला जागाच उरू नये. उदाहरणार्थ:

'हा डेटा पाच वर्षांखालील मुलांना श्वसनविकारांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे वस्तीनिहाय प्रमाण काढण्यासाठीच वापरला जाईल. अन्य कोणत्याही वापरासाठी समितीची नवी लेखी परवानगी लागेल. ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी नाकारली असे समजले जाईल.'

यातलं शेवटचं वाक्य सोन्याचं. सरकारी मसुद्यांत ते नेमकं उलट सापडतं: मुदतीत हरकत आली नाही तर संमती गृहीत. समिती महिन्यातून एकदा भेटते, मधे पेरणी असते, कुणाचं दहावं-तेरावं असतं. गप्प बसणं म्हणजे होकार असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या दमछाकीवर सगळं मंजूर होत जाईल.

'दुसरा वापर' म्हणजे काय, तेही मोकळेपणाने लिहून काढा: अन्य खात्याला देणं, दुसऱ्या नोंदींशी जोडणं, विद्यापीठाला देणं, व्यापारी वापर, आणि संगणकीय (एआय) मॉडेलला शिकवण्यासाठी वापरणं. ही शेवटची गोष्ट आज वेगळी लिहावीच लागते. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या ते हिकू मीडिया या माओरींच्या (तिथल्या आदिवासींच्या) प्रसारण संस्थेने २०१८ मध्ये लोकांना आवाहन करून दहा दिवसांत ३०० तासांहून जास्त माओरी वाचन ध्वनिमुद्रित करून घेतलं. त्यावर माओरीत बोललेलं ओळखणारी संगणक प्रणाली त्यांनी स्वतः उभी केली. बाहेरच्या कंपन्यांना हे आवाज हवे होते, संस्थेने दिले नाहीत. डेटा आपण राखणदार म्हणून सांभाळतो, असं सांगणारा वेगळा परवानाही त्यांनी तयार केला.

सरकारच्या माहिती-कायद्याचं काय? खात्याच्या ताब्यातला कागद कुणीही अर्ज करून मागू शकतो, आणि तुमचा करार त्या कायद्याच्या वर नसतो. 'ओकॅप'मध्ये ताब्याला वेगळं स्थान आहे ते याचसाठी: मालकी कागदावर तुमची आणि फाइल त्यांच्या कपाटात, असं असलं की किल्ली त्यांचीच. म्हणून जे सरकारकडे असण्याची गरजच नाही, ते देऊ नका. पवित्र स्थळांचे नेमके अक्षांश-रेखांश हे त्यातलं पहिलं. जे द्यावंच लागेल त्यासाठी कलम घाला: अर्ज आला की उत्तर देण्याआधी समितीला कळवायचं आणि आक्षेपाला वेळ द्यायचा.

आणखी एक गोष्ट अमेरिकेतल्या अनुभवावरून. तिथे आदिवासी समाजांसाठी १२ साथरोग केंद्रं आहेत. २०१० च्या कायद्याने त्यांना सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचा दर्जा मिळाला, म्हणजे केंद्राच्या आरोग्य खात्याचा डेटा मिळण्याचा हक्क आला. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने तपासलं तर केंद्रांना हवा तो सगळा डेटा मिळत नव्हता. खात्यातल्या काही अधिकाऱ्यांना हा हक्क आहे हेच नीट ठाऊक नव्हतं, मागणीला उत्तर देण्याची लेखी पद्धतही नव्हती. हक्क कायद्यात आणि फाइल टेबलाखाली! तेव्हा करारात पदाचं नाव लिहा, दिवसांची मुदत लिहा, आणि उशीर झाला तर वरच्या कोणत्या पदाकडे जायचं तेही लिहा. व्यक्तीचं नाव नको, माणसांच्या बदल्या होतात.

खर्चाचं कलम विसरलं जातं. माहिती सांभाळायला माणूस लागतो, संगणक लागतो, प्रशिक्षण लागतं. 'डेटा फुकट दिला' असं खातं म्हणेल. तो सांभाळायचा खर्च कुणाचा, हे विचारा.

पायरी ५: आकडे आले की लगेच वापरू नका

लहान समाजाच्या तक्त्यांत एक अदृश्य हात फिरलेला असतो. व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून सांख्यिकी कार्यालयं आकडे मुद्दाम थोडे हलवतात. कॅनडाच्या जनगणनेत ते यादृच्छिक पद्धतीने ५ च्या पटीत केले जातात, न्यूझीलंडमध्ये ३ च्या. मोठ्या शहराला काही फरक पडत नाही. पण तुमच्या वस्तीत शाळेच्या वयाची ७ मुलं असतील, तर ५ च्या पटीत तो आकडा कधी ५ येईल, कधी १०. मुलं तीच. दोन जनगणनांमध्ये ५ वरून १० झाले म्हणून 'मुलं दुप्पट झाली' असा अहवाल लिहिला जाऊ शकतो, आणि उलट झालं तर शाळा बंद करण्याचा प्रस्तावही येऊ शकतो. वस्त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही तीही यामुळेच, कुणी चोरी केलेली नसते.

तेव्हा कोडबुक काढून आकडे गोल केले आहेत का ते बघा. वस्त्या किंवा वर्षं एकत्र करून मोठे गट करा. आणि आपल्याकडे शाळेचा हजेरीपट किंवा सदस्ययादी असेल तर एक वस्ती निवडून नावानिशी ताळा करा. एका संध्याकाळचं काम असतं. त्यातून जे कळतं ते दहा बैठकांत कळत नाही.

पायरी ६: छापण्याआधी समाजाने वाचायचं

नावं काढली की गोपनीयता राखली, असं सरकारी कार्यालयांत मानतात. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर बॅरो गाव आहे, आता त्याचं नाव उटकियागविक. १९७९ मध्ये तिथल्या इनुपियाट लोकांच्या दारू पिण्यावर अभ्यास झाला. जानेवारी १९८० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले ते गावात नाही, हजारो किलोमीटर दूर फिलाडेल्फियात, पत्रकारांसमोर. देशभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. अहवालात एकाही माणसाचं नाव नव्हतं. गावाचं होतं.

म्हणून प्रसिद्धीचं कलम घाला: मसुदा समितीकडे इतके दिवस आधी येईल, निष्कर्ष आधी गावात गावाच्या भाषेत सांगितले जातील, समाजाचं म्हणणं वेगळं असेल तर ते त्याच अहवालात छापलं जाईल. निष्कर्ष बदलण्याचा अधिकार मात्र मागू नका. तो मिळणार नाही, आणि मिळाला तर तुमच्या चांगल्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. गावाचं नाव छापायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मागा.

पायरी ७: सरकार तुमच्याकडे मागायला येतं तेव्हा

ही वेळ येतेच, आणि तेव्हा तुमचं पारडं जड असतं. न्यूझीलंडमध्ये २०१८ ची जनगणना मुख्यतः ऑनलाइन घेतली गेली. माओरींचा प्रतिसाद इतका घसरला की रिकाम्या जागा दुसऱ्या सरकारी नोंदींतून भराव्या लागल्या. कोण कोणत्या इवीचा, म्हणजे जमातीचा, हा डेटा तर अधिकृत आकडेवारी म्हणून प्रसिद्धच करता आला नाही. पुढच्याच वर्षी सांख्यिकी खात्याने इवी प्रमुखांच्या डेटा गटाशी 'माना ओरिते' नावाचा करार केला. नावाचा अर्थ साधारण 'समान प्रतिष्ठा'. लोकांनी उत्तरं दिली नाहीत तर खात्याला कामच करता येत नाही, हे तिथे उघड झालं होतं.

तेव्हा जनगणना, लसीकरण, जंगलाचं सर्वेक्षण यासाठी मदत मागितली गेली की नुसती माणसं पुरवू नका. त्याच वेळी मागचा अडलेला करार टेबलावर आणा. लोकगीतं, औषधी वनस्पती, जुनी छायाचित्रं द्यायची असतील तर प्रत्येक नगाबरोबर त्याचा नियम जोडून द्या: कुणी पाहावं, कोणत्या ऋतूत, बायकांनी की पुरुषांनी. लोकल काँटेक्स्ट्स या उपक्रमाची 'पारंपरिक ज्ञान लेबलं' यासाठीच आहेत. ती कायद्याने बांधत नाहीत, पण डेटा कुठेही गेला तरी चिठ्ठी बरोबर राहते.

पायरी ८: शेवट सुरुवातीलाच लिहा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नू-चा-नुल्थ समाजातल्या ८८३ जणांनी १९८० च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. संधिवाताचं जनुकीय कारण सापडलं नाही. संशोधकाने नोकरी बदलली, नमुने त्याच्याबरोबर आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडला गेले, आणि मानवी स्थलांतराच्या अभ्यासांत वापरले गेले. समाजाला कुणी विचारलं नाही. रक्त परत आलं २००४ मध्ये, संशोधकाच्या मृत्यूनंतर.

करार संपला, खातं दुसऱ्या खात्यात विलीन झालं, अधिकारी निवृत्त झाला, कंत्राटदार कंपनी विकली गेली: या चारही वेळी डेटा कुठे जातो, ते कलमात एकेक करून लिहा. नष्ट करायचा असेल तर बॅकअपसकट, आणि तसं लेखी प्रमाणपत्र इतक्या दिवसांत. परत करायचा असेल तर उघडता येईल अशा साध्या स्वरूपात, कोडबुकासह. कोडबुकाशिवाय परत आलेली फाइल म्हणजे आकड्यांचं पोतं. आणि कराराची सही केलेली प्रत समितीच्या अध्यक्षांच्या घरी नको, कार्यालयात ठेवा. अध्यक्ष बदलतात.